पोटाची रात्रपाळी

भाच्याच्या ओट्यावर मिक्सरशेजारी सात डबे-बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या. चहाला आधण येईपर्यंत मी त्या एकेक करून हातात घेतल्या. 'एक हजार कोटी जिवाणू' असं ठळक छापलेली प्रोबायोटिक कॅप्सूलची बाटली. त्रिफळ्याच्या गोळ्या. सफरचंदाच्या व्हिनेगरच्या, लहान मुलांच्या जेलीसारख्या चघळायच्या वड्या. मॅग्नेशियम. मल्टिव्हिटॅमिन. व्हे प्रोटीनचा दोन किलोंचा डबा. शेवटी इसबगोलाचा खोका, तो मात्र तळाला आलेला. सातातलं एकच काय ते नेमानं वापरात होतं, हे त्या खोक्याकडे बघूनच कळत होतं. चमच्यांच्या खणात पँटोप्राझोलच्या चार पट्ट्या होत्या, त्या मी नंतर पाहिल्या.

दुपारचे चार वाजत आले होते आणि तो नुकताच उठला होता. हिंजवडीहून माणकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याची सोसायटी आहे. वय एकतीस, मूळचा मंगळवेढ्याचा, काम अमेरिकी ग्राहकाच्या सपोर्ट टीममध्ये.

"तुला होतं तरी काय?" मी विचारलं.

"काय होत नाही ते विचार, मावशी. जेवलं की पोट फुगतं. झोपायला आडवा झालो की छातीत जळजळ. दोन-दोन दिवस साफ होत नाही आणि सोमवारच्या कॉलआधी तीनदा जावं लागतं."

सोनोग्राफी, एंडोस्कोपी, रक्त, सगळं करून झालेलं. सगळं नॉर्मल. 'स्ट्रेस कमी करा, बाहेरचं खाऊ नका' असं सांगून डॉक्टरांनी औषध लिहून दिलं होतं. महिन्याभराचं ते औषध भाचा दोन वर्षं मेडिकलमधून आणत राहिला. मला त्याच्यावर रागवायचं होतं. पण त्याच्या दिवसाचा हिशेब ऐकत गेले तसा राग दुसरीकडे वळत गेला.

तो साडेसहाला लॉगइन करतो, कारण तेव्हा न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात. पहाटे साडेतीनला सुटतो. घरून निघताना चहा-बिस्किटं, नऊला पँट्रीतली कॉफी, रात्री एकला कॅन्टीनमधली बिर्याणी किंवा नूडल्स, आणि तीही लॅपटॉपसमोर. चारला घरी, भूक असते म्हणून मॅगी किंवा ब्रेड-ऑम्लेट, पाचला झोप. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे येतात आणि त्याचा दिवस साडेसाताला सुरू होऊ लागतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी परत साडेसहा. दिवाळीचा फराळ कधी संपायच्या आधीच, कधी संपला की लगेच, हा तासाचा फरक येतो. कुणी त्याची दखल घेत नाही. पोट घेतं.

पोटाला स्वतःचं घड्याळ असतं, हे बोलण्याची रीत म्हणून मी लिहीत नाही. आतड्याच्या भिंतीतल्या पेशींतही दिवसरात्रीचं चक्र चालतं. पेशींतलं हे घड्याळ कसं चालतं ते उलगडल्याबद्दल २०१७ साली हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना नोबेल मिळालं. रात्री मोठं आतडं जवळजवळ निजलेलं असतं. जाग आली की ते हलू लागतं, आणि जागं झाल्यावर काही खाल्लं-प्यायलं की त्याला जोराची ढकल बसते. सकाळच्या चहानंतर शौचाला लागते ती यामुळे. शौचाची जागा, वेळ आणि सवड या तिन्ही गोष्टी ज्या घरात ठरलेल्या, त्या घरात बद्धकोष्ठाची तक्रार कमी, हे आपल्या आज्या म्हणत आल्या. त्याचं शरीरातलं कारण हे आहे. भाच्याचं आतडं सकाळी सहा-सातला उन्हाच्या तिरिपेबरोबर जागं व्हायला बघतं, तेव्हा तो पडदे ओढून गाढ झोपलेला असतो. तो दुपारी उठतो तेव्हा ती लाट ओसरलेली असते.

दुसरी गोष्ट मला स्वतःलाही नवी होती. पोट रिकामं असलं की दर दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत आकुंचनाची एक लाट जाते. उरलेसुरले कण आणि जिवाणू पुढे ढकलून ती नळी झाडून काढते. पोटात कावळे ओरडतात असं आपण म्हणतो, तो आवाज बरेचदा या झाडलोटीचा असतो. मात्र तोंडात काही गेलं की ही लाट थांबते. बिस्कीट, दुधाची कॉफी, मूठभर शेव, काहीही पुरतं. रात्रभर दर तासाला काहीतरी चघळणाऱ्या माणसाच्या आतड्यात झाडू फिरायला फुरसतच मिळत नाही. महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवा असं सांगतात. त्यांचा रोख इन्सुलिनवर आणि वजनावर आहे; पण दोन जेवणांच्या मधे पोट खरोखर रिकामं ठेवण्याचा फायदा या झाडलोटीलाही होतो असं मला वाटतं.

पाळीचा आणि पोटाचा संबंध मोजूनही पाहिलेला आहे. अमेरिकेत मिशिगनमधल्या परिचारिकांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्यांची पाळी फिरती होती त्यांच्यात दिवसपाळीवाल्यांपेक्षा आयबीएस, म्हणजे सगळे रिपोर्ट ठीक असूनही पोट दुखत-बिघडत राहण्याचा विकार, जास्त आढळला. २०१४ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं की आतड्यातले जिवाणूही दिवसभरात वर-खाली होतात, आणि जेवणाझोपेच्या वेळा उलटसुलट केल्या की त्यांची ही लय बिघडते. २०२१ साली हार्वर्डच्या गटानं १९ जणांना प्रयोगशाळेत रात्रपाळीसारखं जागवलं. त्यातले जे रात्री जेवले त्यांची साखर बिघडली. जे जागे राहिले पण जेवले फक्त दिवसा, त्यांची बिघडली नाही. काम रात्रीचं असलं तरी जेवण दिवसाचं ठेवता येतं का, हा प्रश्न हिंजवडीच्या प्रत्येक कॅन्टीनला विचारण्यासारखा आहे.

हिंजवडी मुळशी तालुक्यातलं गाव. चैत्री पौर्णिमेला इथून म्हातोबाचं बगाड वाकडला जातं. गावाचं वर्ष अजून पौर्णिमेवर चालतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला शेतजमिनींवर आयटी पार्क आलं आणि त्याच मातीवर न्यूयॉर्क-ह्यूस्टनची वेळ चालू लागली. रात्री दोनला शिवाजी चौकात जा. अंडाभुर्जीच्या गाड्या, चहाच्या टपऱ्या, मोमोच्या वाफा, आणि गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पंचवीस-तीस वर्षांची मुलंमुली उभ्याउभ्या जेवताना दिसतात. भुर्जी-पाव खाणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. त्या वेळी तिथं दुसरं गरम अन्न फारसं मिळत नाही.

दिवसपाळीवाल्यांचं दुखणं वेगळं. वाकडच्या पुलावरून आयटी पार्कच्या फेज तीनपर्यंतचा प्रवास किती वेळाचा, हे निघताना कुणी सांगू शकत नाही. म्हणून सकाळचं शौच आणि न्याहारी यांतलं एक काहीतरी सुटतं, बरेचदा दोन्ही. याबद्दल बोलायला बायका लाजतात, म्हणून मी लिहिते. कॅबमध्ये तास-दीड तास अडकलं तर जायचं कुठं, या धास्तीनं कितीतरी जणी ऑफिसातून निघायच्या आधी दोन-तीन तास पाणीच पीत नाहीत. कॉल चालू असताना लागली तर दाबून धरतात. वारंवार दाबली की गुदाशयाला आलेली हाक पुढे हळूहळू क्षीण होते, मळ आत राहून त्यातलं पाणी शोषलं जातं, खडा होतो. हा कोठा कुठल्याही कॅप्सूलनं हलका होणार नाही. त्याला रस्त्यावरचं स्वच्छ शौचालय आणि मीटिंगमधून उठायची मोकळीक हवी.

आता त्या सात बाटल्या.

जिवाणू पोटात घालून तब्येत सुधारायची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०५ साली स्टामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन विद्यार्थ्यानं जिनिव्हात आपल्या गावाकडच्या दह्यातला जिवाणू ओळखला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या मेचनिकॉफनं बल्गेरियातल्या दीर्घायुषी शेतकऱ्यांचा आणि दह्याचा संबंध जोडला आणि युरोपात दह्याची लाट आली. जपानमध्ये शिरोता यांनी शोधलेल्या जिवाणूचं याकुल्ट हे पेय १९३५ पासून विकलं जातंय. आपल्याकडे विरजणाच्या कवडीला कुणी नाव दिलं नाही, पण ती शेजारणीकडून मागून आणायची असते एवढं प्रत्येकीला ठाऊक होतं.

भारतात प्रोबायोटिकवर नियम आहेत. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागानं २०११ साली मार्गदर्शक तत्त्वं काढली. पुढे २०१६ च्या एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांत दिवसाच्या मात्रेत किमान दहा कोटी जिवंत जिवाणू हवेत आणि बाटलीवर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापायला हवं, असं ठरलं. भाच्याच्या बाटलीवर ती ओळ होती, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत. तिच्यावरच्या एक हजार कोटींचा आकडा छाती दडपवणारा वाटतो. पण २०१६ साली झालेल्या एका नेटक्या मोजदादीनुसार माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात. म्हणजे एक कॅप्सूल ही ३,८०० माणसांच्या गावात आलेला एक पाहुणा. तो बहुधा राहत नाही, दोन-चार दिवसांत निघून जातो.

पाहुण्यानं काही कामं खरोखर केलेली आहेत. प्रतिजैविकांमुळे होणारे जुलाब टाळायला ठरावीक प्रजातींचा उपयोग दिसला आहे. पण आयबीएससाठी सरसकट प्रोबायोटिक घ्या, असं अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या दोन्ही मोठ्या संघटना म्हणत नाहीत. एकीनं २०२० साली तसं लिहिलं, दुसरीनं २०२१ साली. वाइझमन संस्थेचा २०१८ चा प्रयोग तर डोळे उघडणारा आहे. २१ निरोगी माणसांना आठवडाभर प्रतिजैविकं दिली. ज्यांना नंतर प्रोबायोटिक दिलं, त्यांचे स्वतःचे मूळ जिवाणू परत यायला, काहीच न दिलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. 'अँटिबायोटिक घेतलं ना, मग हेही घे' असं आपण एकमेकांना सहज सांगतो, ते सांगण्याआधी थांबायला हवं.

व्हेच्या डब्याबद्दल भाच्याला मी सरळ विचारलं की पोट फुगायला कधी लागलं. जिम लावल्यापासून, असं तो विचार करून म्हणाला. साध्या व्हे कॉन्सन्ट्रेटमध्ये दुधातली साखर, लॅक्टोज, उरलेली असते. आपल्याकडे मोठेपणी दूध नीट न पचणारी माणसं पुष्कळ आहेत. त्यांना दही-ताक सोसतं, कारण विरजणातल्या जिवाणूंनी त्यातली काही साखर आधीच पचवलेली असते. त्यात शुगर-फ्री च्युइंगमची सवय. त्यातलं सॉर्बिटॉलही आतड्यात आंबतं आणि गॅस करतं. मे २०२४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं भारतीयांसाठी आहाराची जी १७ सूत्रं काढली, त्यांत प्रोटीनच्या पावडरी टाळा असा स्पष्ट सल्ला आहे.

पँटोप्राझोल चांगलं औषध आहे. जठरव्रण आणि खरी अॅसिडिटी यांनी हैराण झालेल्या लाखो माणसांना या गटातल्या औषधांनी बरं केलंय. पण ते अंदाजानं वर्षानुवर्षं घ्यायचं नाही. आम्ल म्हणजे पोटाच्या दारावरचा पहारेकरी, तो उठवला की बाहेरचे जिवाणू आत सहज जातात. मॅग्नेशियम कमी होण्याबद्दल आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूच्या जुलाबांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०११ आणि २०१२ मध्ये सावध केलं आहे. भाच्यानं ते एकदम बंद केलं नाही. डॉक्टरांना विचारून टप्प्याटप्प्यानं उतरवलं. एकदम सोडलं की आम्ल उसळून येतं आणि औषधाशिवाय जमतच नाही असा समज होतो.

या औषधानं आणखी एक गोष्ट घटते, आणि इथं पुण्याचा थेट संबंध येतो. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्याच्या परिसरातल्या खेड्यांतले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले पुरुष तपासले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. बी-१२ जिवाणूच बनवतात, आपल्या मोठ्या आतड्यातलेही बनवतात. पण ते शोषलं जातं त्याच्या अलीकडे, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, त्यामुळे आपल्याच पोटात तयार झालेलं आपल्याला मिळत नाही. शाकाहारी माणूस, वर्षानुवर्षं आम्लविरोधी गोळी, आणि सतत थकवा किंवा हातापायांना मुंग्या; अशा कुणीही आधी बी-१२ तपासून घ्यावं. भाच्याचं कमी आलं. सात बाटल्यांपैकी मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीत ते नावापुरतं होतं. त्याला लागणारी मात्रा डॉक्टरांनी वेगळी लिहून दिली.

राहिला इसबगोल. गुजरातमधल्या उंझाच्या बाजारातून तो जगभर जातो. आयबीएसमध्ये विरघळणारा तंतू घ्यावा, अशी २०२१ च्या अमेरिकी मार्गदर्शिकेतली शिफारस ठाम आहे आणि इसबगोल नेमका तसा आहे. थोड्यापासून सुरुवात, वर ग्लासभर पाणी. पाण्याशिवाय घेतला तर उलट अडकतो. सातातली सर्वांत स्वस्त वस्तू कामाची निघाली.

हिंजवडीहून पुण्याकडे येताना विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र लागतं. डॉ. योगेश शौचे आणि त्यांचे विद्यार्थी यांनी तिथं भारतीयांच्या आतड्यांतल्या जिवाणूंवर वर्षानुवर्षं काम केलं. २०१६ साली त्यांनी मांडलं की भारतीयांत प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा ही कुळं विशेष भरभराटीला आलेली दिसतात. प्रिव्होटेला हे धान्यातल्या, डाळींतल्या तंतूंवर पोसलं जाणारं कूळ. आणि मेगास्फेराची एक नवी प्रजाती आघारकर संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ साली जगासमोर ठेवली, तिचं नाव मेगास्फेरा इंडिका. माणसाच्या पोटातल्या एका सजीवाची ओळख आपल्या शहरातल्या प्रयोगशाळेत पटली, हे वाचून मला फार बरं वाटलं. ज्वारी, बाजरी, डाळ आणि ताक यांवर पिढ्यान्पिढ्या वाढलेली ही वस्ती आहे. तिला आपण मैदा आणि पांढरा तांदूळ घालतोय.

फरक किती, तर पोषण संस्थेच्या कोष्टकांप्रमाणे शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम तंतू, बाजरीत साडेअकरा, मैद्यात आणि पॉलिशच्या तांदळात तीनहून कमी. प्रौढ माणसाला दिवसाला तीसेक ग्रॅम हवा. रात्री एकची बिर्याणी आणि चारची मॅगी यांतून तो कसा भरणार? मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, आणि त्याच मंगळवेढ्याचा मुलगा इथं तंतूंच्या गोळ्या शोधत होता. "भाकरी करणारी कुणी मिळत नाही," तो म्हणाला. खरं आहे. पोळ्या करायला येणाऱ्या काकू चार घरं धावतपळत उरकतात, भाकरीला वेळ लागतो म्हणून नको म्हणतात.

तंतू एकदम वाढवला तर आठवडाभर पोट आणखी फुगतं आणि माणूस धीर सोडतो. मटकी भिजवून मोड आणले, भिजवलेलं पाणी ओतून दिलं, तर गॅस करणाऱ्या शर्करा बऱ्याच कमी होतात. कांदा-लसूण काहींना खरंच बाधतात. त्यातल्या फ्रुक्टॅन नावाच्या शर्करा आतड्यात आंबतात. चातुर्मासात कांदा-लसूण सोडलेल्या माणसांना पोट हलकं वाटतं त्यामागे हेही असावं. आणि आंबवलेलं खाणं: स्टॅनफर्डच्या सोनेनबर्ग दांपत्याच्या गटानं २०२१ साली ३६ जणांवर केलेल्या प्रयोगात दही-केफिरसारखे आंबवलेले पदार्थ दहा आठवडे खाणाऱ्यांच्या आतड्यांतली जिवाणूंची विविधता वाढली आणि दाहाच्या खुणा उतरल्या. आपल्याकडे आंबील आहे, इडली आहे, घरचं ताक आहे.

सोमवारच्या कॉलआधी तीनदा जावं लागणं, यावर मात्र भाकरीचं औषध नाही. १८२२ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या मॅकिनॉ बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात चुकून सुटलेली बंदुकीची गोळी शिरली. जखम भरली पण जठराला भोक राहून गेलं. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरानं त्या भोकातून वर्षानुवर्षं पचन पाहिलं आणि १८३३ साली पुस्तक लिहिलं. सेंट मार्टिन चिडला की जठराचं काम बिघडायचं, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं. पोटात गोळा येणं, पोटात खड्डा पडणं, हे शब्द आपण भीतीसाठी वापरतो ते उगाच नाहीत. आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशी आहेत, शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन तिथं बनतं, आणि व्हेगस मज्जातंतूतून वर मेंदूकडे जाणारे निरोप खाली येणाऱ्या निरोपांहून जास्त असतात.

हिंजवडीहून द्रुतगती मार्गानं तासाभरावर लोणावळा आहे. तिथं १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे डभोईत जन्मलेल्या जगन्नाथ गणेश गुणे यांनी, कैवल्यधाम सुरू केलं. योगाकडे भक्तीनं नव्हे तर मोजपट्टी घेऊन पाहणाऱ्या पहिल्या काही माणसांत ते होते. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, हे त्यांनी दाबमापक लावून, क्ष-किरणांखाली पाहून दाखवलं आणि गुरूंच्या नावावरून त्याला 'माधवदास व्हॅक्यूम' म्हटलं. त्याच वर्षी सुरू झालेल्या 'योगमीमांसा' नियतकालिकात हे प्रयोग छापले. शंभर वर्षांपूर्वी आपल्याच घाटमाथ्यावर एक माणूस आतडं आणि श्वास यांचं नातं मोजत होता. भाच्याला नौली सांगायची गरज नाही. त्याला सांगितलं ते एवढंच की कॉलआधी दहा मिनिटं खुर्चीत बसून, हात पोटावर ठेवून, मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घ्यायचे, पोट फुगू द्यायचं आणि श्वास सोडताना घाई करायची नाही. तीनदाचं एकदावर यायला त्याला दीड महिना लागला.

एवढं सगळं सांगून झाल्यावर मी त्याला विचारलं, "पाणी कुठलं पितोस?" तो म्हणाला, "आरओ आहे की." मग भाजी कशानं धुतोस, दात कशानं घासतोस? टँकरच्या.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. सिंहगड रस्त्याच्या बाजूला नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात सर्वाधिक, संशयित रुग्ण पुढे दोनशेच्या वर गेले. पोट बिघडून बरी झालेली धडधाकट माणसं आठवड्याभरात पाय उचलता येत नाहीत म्हणून दवाखान्यात आली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. या जिवाणूशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती कधी आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. संशय पाण्यावर गेला. जो बरा होतो त्याच्याही पोटावर या जिवाणूचा परिणाम बराच काळ राहू शकतो. कॅनडातल्या वॉकर्टन गावात मे २००० मध्ये नळाच्या पाण्यातून ई. कोलाय आणि कॅम्पिलोबॅक्टर पसरले. जे तेव्हा आजारी पडले त्यांच्यातल्या जवळजवळ तिघांतल्या एकाला दोन-तीन वर्षांनीही आयबीएसची लक्षणं होती. 'पाणी बाधलं' हा आपला जुना शब्द पुढच्या कैक वर्षांचं दुखणं सांगतो.

हिंजवडी-माणमधल्या कितीतरी सोसायट्या टँकरवर जगतात. गाव ग्रामपंचायतीचं, पार्क एमआयडीसीचं, भोवतालचा विकास पीएमआरडीए या प्राधिकरणाचा. आणि टँकरमधलं पाणी कुठल्या विहिरीचं, हे फाटकावरच्या वॉचमनलाही माहीत नसतं. खेड्यात जलसुरक्षक ओटी टेस्ट करतो: काचेच्या नळीत पाणी, त्यात थेंब, पिवळं झालं तर क्लोरीन आहे. लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन उरलेला हवा. हजार रुपयांच्या आतली ही तपासणीची पेटी कोटींच्या फ्लॅटच्या सोसायटीत नसावी, याचं मला वाईट वाटतं.

सगळीच दुखणी वेळापत्रकाची नसतात, म्हणून हेही लिहून ठेवते. शौचातून रक्त, विनाकारण उतरणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारं पोटदुखणं किंवा जुलाब, ताप, रक्त कमी होणं, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग असणं, यातलं काही असेल तर बाटल्या बाजूला ठेवून पोटविकारतज्ज्ञाकडे जा. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग आहे, तो भल्याभल्यांना चकवतो.

दिवाळीनंतर पुन्हा त्याच्याकडे गेले. कंपनीनं काही बदललं नव्हतं. त्याच्या टीममधल्या अकरा जणांनी मिळून आपल्या मॅनेजरला सांगितलं होतं की रात्री साडेनऊ ते दहा कुणी कॉल ठेवायचा नाही, त्या वेळात डबा खायचा. मॅनेजरही त्याच पाळीत जळजळ सोसणारा, त्यानं ऐकलं. फिरती पाळी बंद करून एकच ठेवा, ही दुसरी मागणी अजून वरच्या पायरीवर अडली आहे. माझ्या मते तीच मोठी आहे. अर्ध्या तासाच्या जेवणाला आणि स्थिर पाळीला जी कंपनी पैसे मोजते, तिला आरोग्य विम्याच्या भाषणांची गरज कमी पडेल.

भाच्याचं मुख्य जेवण आता संध्याकाळी साडेपाचला होतं, साडेनऊला ताक-भात किंवा उसळ, त्यानंतर पाणी. पहाटे घरी आल्यावर खाणं नाही. कमोडसमोर प्लॅस्टिकचं बुटकं स्टूल आलंय. पाय त्यावर टेकले की गुडघे वर येतात आणि गुदाशयाचा कोन उकिडवं बसल्यासारखा सरळ होतो. इस्रायलमध्ये २८ जणांवर केलेल्या तुलनेत उकिडवं बसल्यावर निम्म्याहून कमी वेळ लागला होता. ओट्यावर इसबगोल आणि बी-१२ एवढंच उरलं होतं. शेजारी स्टीलच्या डब्यात आईनं पाठवलेलं मालदांडीचं पीठ.

भाकरी तो स्वतः थापत होता. पाणी उकळतं घेतलं नव्हतं म्हणून पहिली कडेनं चिरली. दुसऱ्या वेळी पीठ उकळत्या पाण्यात भिजवलं, तळव्याच्या टाचेनं नीट मळलं, आणि तव्यावर पाण्याचा हात फिरवताना त्याचं बोट भाजलं. तिसरी फुगली. खाली टँकरचा हॉर्न वाजला तेव्हा घड्याळात सहाला दहा कमी होते, आणि कॅब सात वाजता येणार होती.

"मावशी, तू वाढून घे, मी आलोच," म्हणत तो खणातली ओटीची नळी घेऊन जिन्यानं खाली धावला.